पिट्सबर्गच्या संगमावरचा वॉशिंग्टन

पिट्सबर्ग म्हटलं की आपल्या मंडळींना पेन हिल्सचं व्यंकटेश्वर मंदिर आठवतं. लोक गाड्या भरून येतात, दर्शन घेतात, प्रसाद खातात आणि परत फिरतात. जरा वेळ काढून गावात शिरलात तर थोड्याच वेळात तुम्ही 'पॉइंट'वर पोचता. तिथे अलेघेनी आणि मोनोंगहेला या दोन नद्या मिळून ओहायो नदी होते. कराडचा प्रीतिसंगम पाहिलेल्यांना संगमाचं कौतुक वेगळं सांगायला नको. पण या तिकोनी टोकासाठी इंग्रज आणि फ्रेंच भांडले आणि त्या भांडणातून पुढे अमेरिकन क्रांती निघाली, असं मी सांगितलं की घरी आलेले पाहुणे हसतात. म्हणून हे लिहायला घेतलं.

गोष्ट जॉर्ज वॉशिंग्टनची आहे. पण डॉलरच्या नोटेवरच्या पोक्त माणसाची नाही, विशीतल्या एका धडपड्या पोराची.

जन्म १७३२ चा, व्हर्जिनियातला. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. थोरल्या सावत्र भावांना इंग्लंडला शिकायला पाठवलं होतं, याच्या वाट्याला ते आलं नाही. मग पोरगा जमीनमोजणी शिकला आणि सतराव्या वर्षी सरकारी मोजणीदार झाला. मोजणीदाराला चांगली जमीन कुठे आहे हे सगळ्यांच्या आधी कळतं. त्यातून सावत्र भाऊ लॉरेन्स 'ओहायो कंपनी'चा भागीदार. डोंगरापलीकडची जमीन मिळवून ती वसाहतवाल्यांना विकायची, हा या कंपनीचा धंदा. अडचण एवढीच, की तीच जमीन कॅनडातले फ्रेंच आपली म्हणत होते. आणि ज्यांची ती खरोखर होती ते सेनेका, शॉनी, डेलावेअर लोक तिथेच राहत होते. त्यांना कोणी विचारत नव्हतं.

१७५३ च्या हिवाळ्यात व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने २१ वर्षांच्या वॉशिंग्टनला फ्रेंचांकडे पत्र देऊन पाठवलं. मजकूर साधा होता, इथून निघून जा. फ्रेंचांनी आदरातिथ्य केलं आणि नकार दिला. परतताना तो तराफ्यावरून बर्फाळ अलेघेनीत पडला आणि मरता मरता वाचला. आज तिथल्या चाळिसाव्या रस्त्याच्या पुलाला त्याचं नाव आहे. संगमाची जागा किल्ल्यासाठी उत्तम, हे त्याने याच प्रवासात हेरलं. किल्ला मात्र बांधला फ्रेंचांनी. नाव, फोर्ट ड्यूकेन.

पुढच्या वर्षी तो सैनिक घेऊन आला. २८ मे १७५४ ला सेनेकांचा पुढारी तानाकारिसन याच्या मदतीने त्याने एका घळीत फ्रेंच तुकडी गाठली. पंधरा मिनिटांत सगळं संपलं. फ्रेंच अधिकारी जुमोनव्हिल मारला गेला. फ्रेंच म्हणाले, तो तर आमचा दूत होता. ३ जुलैला जुमोनव्हिलच्याच भावाने वॉशिंग्टनला फोर्ट नेसेसिटीच्या कुडाच्या किल्ल्यात, धो धो पावसात घेरलं. शरणागतीचा कागद फ्रेंचमध्ये होता. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नव्हतं. त्याने सही केली आणि जुमोनव्हिलचा खून केल्याचं कबूल करून बसला! दुसऱ्या दिवशी हरलेली पलटण घेऊन तो घरी निघाला. तारीख होती ४ जुलै.

या जंगलातल्या चकमकीचा वणवा जगभर गेला. युरोप पेटला आणि आपल्याकडे बंगाल, मद्रासपर्यंत इंग्रज-फ्रेंच भिडले. आपण पानिपत हरलो त्याच जानेवारी १७६१ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरी घेतलं, ते याच युद्धात.

पण वॉशिंग्टनच्या मनात राजाविषयी पहिली अढी बसली ती वेगळ्याच कारणाने, असं मला वाटतं. इंग्लंडहून आलेल्या राजाच्या अधिकाऱ्याला पगार जास्त आणि मानही जास्त. वसाहतीतला माणूस कितीही चढला तरी खालचाच. कंत्राटावर ऑनसाइट काम केलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. १७५५ मध्ये तो जनरल ब्रॅडॉकबरोबर पुन्हा इकडे आला. ९ जुलैला मोनोंगहेलाच्या काठी, आजच्या ब्रॅडॉक गावात, सुमारे तेराशेंपैकी नऊशे जण मेले किंवा जखमी झाले. वॉशिंग्टनखालचे दोन घोडे मेले, कोटाला चार गोळ्यांची भोकं पडली. ब्रॅडॉक जखमांनी गेला. त्याला रस्त्यातच पुरून वरून सैन्य चालवलं, म्हणजे कबर कोणाला सापडू नये. लाल कोटवाले हरू शकतात, हे वॉशिंग्टनने तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. एवढं करूनही राजाच्या सैन्यात कायमची नेमणूक काही मिळेना. आपला दर्जा कोणता हे ठरवून घ्यायला तो १७५६ च्या थंडीत घोड्यावरून थेट बोस्टनला गेला. हाती फारसं लागलं नाही. १७५८ मध्ये फ्रेंचांनी किल्ला जाळून पळ काढला, इंग्रजांनी जागेला मंत्री पिटचं नाव दिलं आणि वॉशिंग्टन राजीनामा देऊन शेतीकडे वळला. श्रीमंत विधवा मार्थाशी लग्न झालं. शेती तंबाखूची, राबणारे गुलाम, आणि लंडनच्या व्यापाऱ्याकडे कर्ज.

१७६३ मध्ये युद्ध संपलं आणि बिल आलं. इंग्लंडचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं. त्यात पाँटिअ‍ॅकच्या पुढाकाराने मूळ रहिवासी उठले. आणखी युद्ध परवडणार नव्हतं, म्हणून राजाने जाहीरनामा काढला की अपालाचियन डोंगरापलीकडे वसाहतवाल्यांनी वस्ती करायची नाही. ज्या जमिनीसाठी वॉशिंग्टन लढला, जिच्यातले दोन लाख एकर व्हर्जिनियाने १७५४ मध्ये स्वयंसेवकांना कबूल केले होते, तिलाच कुंपण! वर सरहद्दीवरच्या सैन्याच्या खर्चासाठी १७६५ चा स्टॅम्प कर. वॉशिंग्टनने ओळखीच्या मोजणीदाराला लिहिलं की हा जाहीरनामा तात्पुरता आहे, तू गुपचूप चांगल्या जमिनी बघून ठेव. १७७० मध्ये स्वतः ओहायोतून नावेने जाऊन त्याने जमिनी निवडल्या. वीस हजारांहून जास्त एकर त्याच्या नावावर लागले.

फक्त जमिनीसाठी तो बंडखोर झाला असं मी म्हणणार नाही. आपला प्रतिनिधी नसलेल्या पार्लमेंटने कर लावणं त्याला खरोखर अन्याय वाटत होतं. पण ज्यांच्यासाठी लढलो ते आपल्याला बरोबरीचं मानत नाहीत, हे त्याला करांच्या कितीतरी आधी उमगलं होतं. १७७५ मध्ये काँग्रेसच्या बैठकीत तो लष्करी गणवेश घालून बसला आणि सेनापती झाला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या अधिकाऱ्याच्या खुनाचा ठपका त्याने सही करून घेतला होता, त्याच फ्रेंचांच्या आरमाराच्या जोरावर १७८१ मध्ये यॉर्कटाउन जिंकलं. तिथे हरलेला कॉर्नवॉलिस नंतर आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि टिपूविरुद्ध हरिपंत फडक्यांच्या बरोबरीने श्रीरंगपट्टणला उभा राहिला.

तानाकारिसनने तरुणपणी त्याला 'गावं उद्ध्वस्त करणारा' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. १७७९ मध्ये त्याच्या हुकुमावरून सैन्याने इरोक्वॉइंची डझनावारी गावं आणि उभी पिकं जाळली. सेनेका लोकांनी ते नाव विसरू दिलं नाही.

आणि १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनला पुन्हा आमच्या भागातच फौज आणावी लागली. नव्या सरकारने युद्धाचं कर्ज फेडायला व्हिस्कीवर कर लावला होता आणि पिट्सबर्गकडचे शेतकरी तो द्यायला तयार नव्हते. तो स्वतः बेडफर्डपर्यंत घोड्यावर आला. फौज सुमारे तेरा हजारांची, शेतकरी पांगले.

फोर्ट नेसेसिटी मात्र जरूर बघा, पिट्सबर्गहून गाडीने तासा-दीड तासाचं अंतर आहे. जिथे तो हरला ती कुरणाची जमीन त्याने १७७० च्या सुमारास विकत घेतली. १७९९ मध्ये वारला तेव्हाही ती त्याच्याच नावावर होती.