बादशहाचा गुडघा

औरंगजेब पडल्याच्या दोन नोंदी इतिहासात ठळक आहेत. पहिली १६३३ सालची, आग्र्याची. यमुनेकाठी शाहजहानसमोर हत्तींची झुंज लावली होती. सुधाकर नावाचा हत्ती बिथरला आणि घोड्यावर बसलेल्या १४ वर्षांच्या औरंगजेबावर चालून गेला. तडाख्याने घोडा कोसळला, मुलगा जमिनीवर आला आणि पुढच्या क्षणी तलवार उपसून उभा राहिला. दुसरी नोंद १७०० सालची, माण नदीकाठच्या खवासपूरची. तेव्हा तो ८२ वर्षांच्या उंबरठ्यावर होता. समोर हत्ती नव्हता की शत्रू नव्हता. तो घाईने उठला, अडखळला आणि मरेपर्यंत लंगडत राहिला.

मधल्या आयुष्याची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. १६१८ मध्ये दाहोदला जन्म, तरुणपणी दख्खनची सुभेदारी, भावांशी लढून १६५८ मध्ये गादी. १६८१ मध्ये तो दक्षिणेत उतरला तो परत उत्तरेत गेलाच नाही. विजापूर आणि गोवळकोंडा ही राज्ये बुडवली, १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या केली, तरी मराठे हटले नाहीत. १७०० मध्ये छत्रपती राजाराम महाराज गेल्यावर महाराणी ताराबाईंनी लढा हाती घेतला. ऐंशी ओलांडलेला बादशहा मात्र स्वतः किल्ल्यांच्या वेढ्यांवर फिरत होता. सातारा घेतला, परळी घेतली, आणि भर पावसाळ्यात थकलेली छावणी माणच्या काठाला आली.

हा म्हातारा कधीतरी पडणार, हे पाच वर्षे आधीच दिसत होते. १६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी नावाच्या इटालियन प्रवाशाने त्याला गलगले येथील छावणीत पाहिले. ठेंगणी, सडपातळ देहयष्टी, मोठे नाक, पांढरी दाढी, वयाने वाकलेली पाठ, चालताना हातात आधाराची काठी. अर्जांवर शेरे मात्र तो चष्म्याशिवाय स्वतः लिहीत होता. कारेरी वैद्य नव्हता, पण त्याचे हे वर्णन आजच्या वृद्धांच्या तपासणीच्या कागदावर जसेच्या तसे उतरवता येईल. वाकलेल्या पाठीने शरीराचा तोल पुढे जातो. मणक्याची हाडे ठिसूळ होऊन दबल्यामुळेही असा बाक येतो. काठी हातात आली म्हणजे पाय आणि तोल पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. आणि जवळचे वाचता येते म्हणून अंधारात पायाखालचे दिसते असे नाही. घरोघरी हीच फसगत होते. आजोबा पेपर वाचतात, म्हणून त्यांची नजर चांगली आहे असे सगळे धरून चालतात.

आता ती रात्र. छावणीचा काही भाग माणच्या कोरड्या पात्रातच पसरला होता. वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री पाण्याचा लोंढा छावणीत घुसला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली, एकच आरडाओरड झाली. इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात की त्या वेळी बादशहा शौचास गेलेला होता. मराठे छावणीत शिरले असे वाटून तो घाबरून उठला, अडखळून पडला आणि उजवा गुडघा निखळला.

पूर आणि मराठ्यांची दहशत बाजूला ठेवली तर उरते ते कोणत्याही अपघात विभागात रोज ऐकू येणारे: रात्रीची वेळ, शौचास जाणे, बसलेल्या स्थितीतून झटकन उठणे, ओली जमीन, घाबरगुंडी. उतारवयात एकदम उठले की रक्तदाब काही क्षण खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्यांची भर पडली की धोका वाढतो.

हकिमांना गुडघा नीट बसवता आला नाही. नुसत्या अडखळण्याने अख्खा गुडघा निखळणे तसे विरळा. वाटी सरकली असेल, किंवा हाड मोडले असेल. खुब्याचे हाड मोडल्यावरही वेदना कधीकधी गुडघ्यात जाणवते, म्हणून पडलेला वृद्ध माणूस गुडघा दाखवत असला तरी खुबा तपासायचा असतो. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे खवासपूरला नेमके काय मोडले, हे आता कळणार नाही.

दरबारी मंडळींनी पुढे जे केले ते जास्त शिकण्यासारखे आहे. बादशहा लंगडू लागल्यावर त्यांनी त्याची समजूत घातली की हा तर थोर पूर्वज तैमूरचा वारसा आहे. तैमूर जखमेने लंगडा झाला होता, आणि जखम वारशाने येत नसते! पण एका वाक्यात पडण्याचा मान झाला आणि विषय संपला. भोवती शेकडो नोकर, हकीम, घरचा कारभार पाहणारी झीनतुन्निसा ही मुलगी, एवढे सगळे होते. तरी रात्री उठताना हात कोण देणार, दिवा कुठे राहणार, हे कुणी ठरवले असल्याचे दिसत नाही.

आपल्याकडे तैमूरची जागा वयाने घेतली आहे. वय झाले, पडायचेच, असे म्हणून गोष्ट सोडून दिली जाते. आजीही सांगत नाही, कारण मग तिचे बाहेर जाणे बंद होईल. वृद्धाश्रमातला सेवक सांगत नाही, कारण ठपका त्याच्यावर येईल. खरे तर न लागता झालेले पडणे हीच सर्वांत उपयोगी सूचना असते. त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहाव्यात: किती वाजता, कुठे, काय करताना, पायात काय होते, उजेड होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आधी चक्कर आली का. ठपक्याचा कॉलम त्या वहीत नकोच. ती वही डॉक्टरांना दाखवली की गोळ्यांची वेळ बदलता येते, मोतीबिंदू सापडतो, न्हाणीघरात धरायला दांडी बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सर्वाधिक.

बीड जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि नातवंडे मागे उरतात. तिथे ही चौकशी आशाताई किंवा शेजारीच करू शकतात. गेल्या वर्षभरात पडलात का, उठताना आधार लागतो का, पडायची भीती वाटते का, हे तीनच प्रश्न. पडल्यावर उठता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर चोळू नये, ओढून बसवू नये, १०८ ला फोन करावा. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे.

औरंगजेब त्या गुडघ्यासह आणखी सहा वर्षे जगला. पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा हे वेढे त्यानंतरचे. घेतलेले किल्ले मराठे परत घेत राहिले. १७०५ मध्ये कृष्णेजवळ देवापूरला तो मोठ्या दुखण्याने पडला. सहा महिन्यांनी तिथून निघाला तो पालखीतच, आणि १७०६ च्या जानेवारीत अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला पोहोचला. पुढच्या वर्षी तिथेच तापाने ८८ व्या वर्षी त्याचा अंत झाला. कबर खुलदाबादला आहे.