बेनला मारलं कुणी?

आजूबाजूला वस्ती नाही, असं एक फार्महाऊस. बाहेर चालती-फिरती प्रेतं, आत घाबरलेली माणसं. त्यांच्यातला एकच जण डोकं शांत ठेवून दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकतोय. १९६८च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मधला हा बेन, म्हणजे ड्वेन जोन्स.

जॉर्ज रोमेरोने हा सिनेमा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अगदी कमी पैशांत केला. बेन कृष्णवर्णीय असावा, असं स्क्रिप्टमध्ये कुठेच नव्हतं. जोन्सची ऑडिशन सगळ्यांत भारी झाली, म्हणून रोल त्याला मिळाला. कागदावरचा बेन होता रांगडा ट्रक ड्रायव्हर. उच्चशिक्षित जोन्सने त्याची भाषाच बदलली आणि त्याला विचारी माणूस केलं.

शेवट मात्र जिव्हारी लागतो. (स्पॉयलर आहे, सॉरी!) रात्रभर झुंजून वाचलेल्या बेनला सकाळी प्रेतं मारायला निघालेली माणसंच गोळी घालतात. त्याला वाचवायचा विचारही झाला होता. पण असा गोडगोड शेवट जोन्सलाच नको होता. त्याच एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. ऑक्टोबरमध्ये सिनेमा आला, तेव्हा बेनला लागलेली गोळी अनेकांना फक्त पडद्यावरची वाटली नाही.

पुढे जोन्स नाटकांत रमला, कॉलेजात अभिनय शिकवू लागला. आपली ओळख एवढ्या एका रोलपुरती उरू नये, असं त्याला वाटायचं. १९८८मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली असताना तो गेला.

सिनेमा बघाल तेव्हा खिडकीबाहेरच्या प्रेतांना घाबराच. पण खरी भीती उजाडल्यावर येते, हेही लक्षात ठेवा.