पुण्यातून ताऱ्यांची केमिस्ट्री काढणारा प्रोफेसर

भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात प्रत्येकाच्या ओळखीत फाउंड्रीत काम करणारं कुणीतरी असतंच. त्यांना एकदा विचारा, 'स्पेक्ट्रो' म्हणजे काय. भट्टीतलं लोखंड वितळलं की त्यातलं थोडंसं साच्यात ओतून नाण्यासारखा तुकडा काढतात. तो घासून सपाट करतात आणि लॅबमधल्या मशीनवर ठेवतात. आर्गॉन वायूत ठिणग्या पडतात आणि मिनिटाभरात स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, फॉस्फरस, सल्फर यांचे आकडे येतात. केमिस्ट्री ओके आली की मगच माल ओतायचा. नाही आली तर भट्टी थांबते आणि शिफ्टवाल्याचं बीपी वाढतं.

गंमत अशी, की ते मशीन फक्त ठिणगीचा उजेड बघतं. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या रंगांचाच उजेड देतं. तो उजेड फोडला की बारकोडसारख्या रेघा दिसतात. सोडियमच्या वेगळ्या, मॅग्नेशियमच्या वेगळ्या आणि लोखंडाच्या तर हजारो. रेघा ओळखल्या की माल ओळखला.

आता हाच तुकडा हातात नाहीये, तो आकाशात आहे आणि तिथून फक्त उजेड येतोय अशी कल्पना करा. तरी काम होतं! हे काम १८८८ पासून पुण्यात चालायचं, आज ज्याला आपण सीओईपी म्हणतो त्या कॉलेजच्या आवारात. ते करणाऱ्या माणसाचं नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

कावसजींचा जन्म १८५७चा. शिक्षण मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात झालं आणि पुढे तिथेच ते फिजिक्स शिकवू लागले. त्या काळात उजेड फोडून पदार्थ ओळखण्याचं शास्त्र अगदी कोवळं होतं. १८३५ साली फ्रान्सच्या ऑग्युस्त काँत नावाच्या तत्त्वज्ञानं लिहून ठेवलं होतं, की तारे कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. जर्मनीतल्या किर्कहॉफ आणि बुन्सेन या जोडीनं पंचवीस वर्षांच्या आतच त्याला खोटं पाडलं. कावसजींना नेमकं हेच शास्त्र खुणावत होतं.

पण यंत्रं आणायची तर पैसा हवा. १८८२मध्ये भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारनं तेवढीच भर घातली. बेत साधा होता, कॉलेजात एक प्रयोगशाळा उभारायची. १८८४मध्ये खरेदीसाठी कावसजी इंग्लंडला गेले आणि तिथं सगळा बेत बदलला. तिथल्या राजज्योतिर्विदांनी आणि नॉर्मन लॉकयर या बड्या शास्त्रज्ञानं त्यांना पटवलं, की नुसती प्रयोगशाळा कशाला, थेट वेधशाळाच बांधा. मुंबईपेक्षा पुण्याचं आकाश बरं, म्हणून जागा पुण्याची ठरली. कावसजींची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. इथली मोठी दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात घडलेली होती. तिचा आरसा होता २० इंचांचा. पुढे कित्येक दशकं भारतात यापेक्षा मोठी दुर्बीण नव्हती. पुण्याचं आकाश बरं हे वाक्य आज हिंजवडीच्या टेरेसवर उभं राहून वाचलं तर हसूच येईल, पण तेव्हा शहरात विजेचे दिवे नव्हते.

कावसजींच्या आयुष्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग १८९१चा आहे. तो समजायला आधी मृग नक्षत्र शोधा. थंडीत संध्याकाळनंतर पूर्वेकडे बघितलं की तीन तारे एका ओळीत दिसतात, व्याधानं हरणाला मारलेला तो बाण. त्याच्या जरा दक्षिणेला फिकट ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट बघा. तो ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धुरकट वाटतो. चाकण एमआयडीसीच्या उजेडात कदाचित नाही जमणार. राजगुरुनगर ओलांडून भीमाशंकरच्या रस्त्याला लागा आणि साधी बायनॉक्युलर न्या, लगेच कळेल. तो मृगातला तेजोमेघ. अंतर साधारण १३०० प्रकाशवर्षं.

या तेजोमेघाच्या उजेडात एक हिरवट रेघ दिसायची. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची रेघ तिच्याशी जुळत नव्हती. लॉकयरसाहेबांचं म्हणणं होतं, की ती मॅग्नेशियमची आहे. आकाशातल्या सगळ्या वस्तू उल्कांच्या झुंडींपासून बनल्यात असा त्यांचा मोठा सिद्धांत होता. उल्का एकमेकींवर आपटतात, तापतात, त्यांच्यातलं मॅग्नेशियम उजेड देतं, म्हणून ती रेघ, असा हिशेब. सिद्धांत टिकायचा तर रेघ मॅग्नेशियमसारखी दिसायला हवी होती. म्हणजे एका कडेला ठळक आणि दुसऱ्या कडेला हळूहळू पुसट होत जाणारा पट्टा.

कावसजींनी पुण्यातून ती रेघ तपासली, पुन्हा पुन्हा आणि वेगवेगळ्या पद्धतीनं. दोन्ही कडा स्वच्छ होत्या, पुसट बाजू नव्हतीच. म्हणजे मॅग्नेशियम नाही. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तसं छापलं. ज्या माणसाच्या सल्ल्यानं वेधशाळा उभी राहिली, त्याच माणसाच्या लाडक्या सिद्धांताच्या विरोधात ती साक्ष होती. वसाहतीतला एक तरुण प्राध्यापक, समोर लंडनचा नामवंत. काळ कुठला, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. इंग्लंड-अमेरिकेतले काही निरीक्षकही तेव्हा हेच सांगत होते. पुण्याची नोंद त्यांच्या बाजूनं पडली.

मग ती रेघ होती तरी कशाची? शास्त्रज्ञांनी 'नेब्युलियम' नावाचं एक नवंच मूलद्रव्य मानून टाकलं. उत्तर मिळायला १९२७ साल उजाडावं लागलं. आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं दाखवलं, की तो आपला नेहमीचा ऑक्सिजनच आहे. फक्त त्याचे दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेत आणि तो इतका विरळ पसरलाय, की एक अणू दुसऱ्याला क्वचितच धडकतो. अशा अवस्थेतच ती रेघ उमटते.

इथं साय-फाय सिनेमावाल्यांची जरा खोड काढायला हवी. पडद्यावर यानं तेजोमेघात शिरून लपतात, दाट धुक्यात ट्रक दिसेनासा व्हावा तशी. प्रत्यक्षात मृगाचा तेजोमेघ आपल्या कॉलेज लॅबमधल्या निर्वात पोकळीपेक्षाही विरळ आहे. यान आत गेलं तर खिडकीतून काही धुकं-बिकं दिसणार नाही. लांबून तो धुरकट दिसतो तो केवळ प्रचंड मोठा असल्यानं. हे आपल्याला कळलं ते त्या एका हिरव्या रेघेवरून, तिथं न जाता.

तिथं जाण्याचा हिशेब तर करूच नका. बरं, करून बघू. १९७७मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला साधारण १७ किलोमीटर वेगानं जातंय. या वेगानं एक प्रकाशवर्ष कापायला सतरा हजारांवर वर्षं लागतात. सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षं. मृगाच्या तेजोमेघापर्यंत २ कोटी ३० लाख वर्षं. कावसजींनी १८९१मध्ये जो उजेड फोडला तो तिथून निघाला तेव्हा आपल्याकडे सहावं शतक चालू होतं. इतर ताऱ्यांकडच्या प्रवासाचं जे विज्ञान आज खरोखर हातात आहे ते इंजिनाचं कमी आणि उजेडाचं जास्त आहे. सिनेमात यान ग्रहाजवळ पोचतं आणि कॉम्प्युटर सांगतो, की हवा श्वास घेण्यासारखी आहे. तो कॉम्प्युटर रेघाच वाचत असणार. २०२२मध्ये जेम्स वेब दुर्बिणीनं सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूरच्या वास्प-३९बी या ग्रहाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड शोधला तो याच पद्धतीनं. आणि चांद्रयान-३चा प्रग्यान रोव्हर आठवतो ना? त्यानं ऑगस्ट २०२३मध्ये चंद्राच्या मातीवर लेझर मारून ठिणगी पाडली, तिचा उजेड फोडला आणि सल्फर असल्याचं सांगितलं. भोसरीच्या फाउंड्रीतल्या माणसाला यात नवीन काहीच वाटणार नाही. जागा तेवढी वेगळी.

कावसजींची सगळ्यात मोठी मोहीम मात्र ग्रहणाची. २२ जानेवारी १८९८ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि त्याचा पट्टा महाराष्ट्रातून जात होता. पुण्यात प्लेगनं थैमान घातल्याला जेमतेम वर्ष झालं होतं. अशा दिवसांत कावसजींनी सोलापूर जिल्ह्यात, करमाळ्याजवळच्या जेऊरला तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही जेऊरलाच आली होती. कोकणात विजयदुर्गावर खुद्द लॉकयर होते. विदर्भात तळणीला ब्रिटनमधल्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संघटनेची मंडळी होती. त्यांच्यातल्या ॲनी माँडर यांनी स्वतःच्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला.

(विजयदुर्गाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. हेलियमचा शोध तिथं लागला, असा फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. लॉकयरना सूर्यावरची ती पिवळी रेघ दिसली १८६८मध्ये, तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, या ग्रहणाला. तिथले साहेबाचे कट्टे बघायला जरूर जा, फक्त तारीख नीट लक्षात ठेवा.)

खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. त्यातही हवे होते पहिले आणि शेवटचे एक-दोन सेकंद. त्या क्षणी सूर्याचं तेजस्वी बिंब झाकलेलं असतं आणि वरच्या वातावरणाची पातळ कडा तेवढी उघडी असते. एरवी सूर्याच्या उजेडात ज्या रेघा काळ्या दिसतात त्या एकदम झळाळून उठतात. म्हणून त्याला झळाळी वर्णपट म्हणायला हरकत नाही. आज मोबाइलवर बर्स्ट मोड लावून बसता येतं. तेव्हा काचेच्या प्लेटा होत्या, हातानं बदलायच्या, त्याही अचानक आलेल्या अंधारात. एक प्लेट अडकली असती तर महिनोन्‌महिन्यांची तयारी वाया गेली असती. कावसजींच्या तुकडीला फोटो मिळाले. त्यावरचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२मध्ये पुणे वेधशाळेचं प्रकाशन म्हणून निघाला.

१९००पासून ते पूर्ण वेळ वेधशाळेचं काम पाहू लागले. पण इथून पुढची गोष्ट मनाला लागते. दक्षिणेत कोडाईकनालला सरकारची नवी मोठी वेधशाळा सुरू झाली होती आणि सूर्य-ताऱ्यांचं काम एका ठिकाणी आणायचं सरकारच्या मनात होतं. पुण्याची वेधशाळा कावसजींच्या जिवावर चालत होती. त्यांच्यानंतर ती चालवील असा माणूस तयार झाला नव्हता, तशी जागाही कुणी निर्माण केली नव्हती. १९१२मध्ये ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. यंत्रं खोक्यांत भरून कोडाईकनालला रवाना झाली. देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण पुण्यातून गेली आणि तिला नाव चिकटलं ते पैसे देणाऱ्या संस्थानाचं, भावनगर टेलिस्कोप. ज्यानं ती मागवली आणि वापरली त्याचं नाव तिच्यावर नाही. सरकारला दोष देणं सोपं आहे. पण चोवीस वर्षांत एकही शिष्य त्या दुर्बिणीचा वारस झाला नाही, याचाही विचार करावा लागतो. तेव्हाच्या कॉलेजात खगोलाची पदवी नव्हती, नोकरी तर नव्हतीच. मुलं इंजिनिअर व्हायला येत आणि पीडब्ल्यूडीत जात. थोडक्यात, आजच्यासारखंच.

कावसजी त्यानंतर पुष्कळ जगले. १९२७मध्ये त्या हिरव्या रेघेचं कोडं सुटलं तेव्हा ते सत्तरीचे होते. १९३८मध्ये ते गेले.

त्यांची वेधशाळा उभी राहिली त्याला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हा, १९८८मध्ये, पुण्यात आयुका ही संस्था सुरू झाली. २००६पासून आयुकाची दोन मीटर आरशाची दुर्बीण गिरवलीला आहे. चाकणवरून नाशिक रस्त्यानं वर जायचं, मंचरला डावीकडे घोडेगावकडे वळायचं, तिथल्या डोंगरावर. कावसजींच्या आरशाच्या जवळपास चौपट रुंद. तिच्यावरही उजेड फोडणारं यंत्र बसवलेलं आहे. त्याच रस्त्यानं सरळ पुढे नारायणगावला गेलात तर खोडदच्या जीएमआरटीच्या डिश दिसतील. तिथं विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरतं. आणि तेवढं लांब जायचं नसेल तर चिंचवडच्या सायन्स पार्कमधलं तारांगण आहेच.

घरबसल्या करायचं असेल तर कपाटातली जुनी सीडी काढा. खोलीत अंधार करून एखाद्या जुन्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्या चकचकीत बाजूवर तिरकं पकडा. मग साध्या पिवळ्या बल्बचं पकडा. सूर्याकडे चुकूनही नको. बल्बमध्ये सलग इंद्रधनुष्य दिसेल, ट्यूबमध्ये रंगांचे वेगवेगळे पट्टे. त्यातला झगझगीत हिरवा पट्टा नळीच्या आतल्या पावडरचा आणि पाऱ्याचा मिळून असतो.