लोकहितवादी : आपल्याच माणसांना पत्रे लिहिणारा न्यायाधीश

फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे भाषणांचा हंगाम सुरू होतो. १९ तारखेची शिवजयंती (चित्ररथांची आपली मिरवणूक वैशाखात निघते, ती वेगळी) आणि २७ तारखेचा मराठी भाषा गौरव दिन. वक्ता कोठून आणायचा, मंडपाची वर्गणी किती, हार कोणाच्या हस्ते घालायचा, यावर बैठका रात्री अकरापर्यंत चालतात. आम्हीही समितीत आहोत, त्या बैठकांना बसतो, म्हणून सांगतो. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, १८ फेब्रुवारीला, आणखी एका मराठी माणसाचा जन्मदिवस असतो. त्याच्या तसबिरीला हार घालण्याचा विषय आजवर एकाही बैठकीत निघालेला नाही. गोपाळ हरी देशमुख हे त्याचे नाव. पाठ्यपुस्तकात आपण त्यांना लोकहितवादी म्हणून भेटतो, शतपत्रे कोणी लिहिली या प्रश्नाचा एक गुण मिळवतो आणि पुढच्या धड्याला लागतो. शिक्षक म्हणून आम्हीही वर्षानुवर्षे मुलांना तेवढेच शिकवले.

गोपाळरावांचा जन्म १८२३ सालचा, पुण्यातला. पेशवाई बुडून पाच वर्षे झाली होती. घराण्याचे मूळ आडनाव सिधये. देशमुखीच्या वतनामुळे देशमुख झाले. वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत पडले आणि ज्या दौलतीच्या आधाराने हे घर उभे होते, ती दौलतच संपली. गोपाळ पाच वर्षांचा असताना, १८२८ मध्ये, शनिवारवाडा जळाला. तेराव्या वर्षी वडील गेले. राज्य बुडणे ही त्या मुलाला पुस्तकात वाचायची गोष्ट नव्हती, ती त्याच्या घरातच घडलेली होती. गेलेल्या वैभवाच्या आठवणी काढत बसायला यापेक्षा मोठे कारण पुण्यात फार थोड्यांना असेल.

शिक्षण आधी पंतोजीच्या शाळेत झाले. इंग्रजीचा श्रीगणेशा केला तो १८४१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आणि तीनएक वर्षांत ते सरकारी भाषांतरकार म्हणून नोकरीला लागले. येथे आमच्यातला मास्तर थोडा थांबतो. पहिलीपासून इंग्रजी माध्यम नसेल तर मूल मागे पडेल, असे पालक आम्हाला रोज ऐकवतात. अठराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवून त्या भाषेत न्यायाधीशपदापर्यंत गेलेला हा माणूस आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो. पालक हसतात आणि काळ बदलला म्हणतात. असो.

१८४८ साल उजाडले. गोपाळराव पंचविशीत होते. मुंबईहून भाऊ महाजन 'प्रभाकर' नावाचे साप्ताहिक काढत. त्यात मार्च १८४८ पासून 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. १८५० पर्यंत ती चालली. संख्या भरली एकशे आठ, तरी नाव पडले शतपत्रे.

त्या वेळी पुण्याची स्थिती कशी होती हे ध्यानात घेतल्याशिवाय या पत्रांची धार कळत नाही. बाजीराव अजून हयात होते. कंपनीचे वर्षाला आठ लाख रुपये घेऊन दूर गंगेकाठी ब्रह्मावर्ताला राहत होते. साताऱ्याची गादीही नावापुरती शिल्लक होती. पत्रे सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात तिथले महाराज वारले आणि वर्षभरात इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. चारच वर्षांपूर्वी, १८४४ मध्ये, आपल्या शेजारच्या सामानगडावर आणि भुदरगडावर गडकऱ्यांनी बंड केले होते आणि ते मोडले गेले होते. ज्यांची वतने गेली, मान गेला, त्यांची आशा तुटलेली नव्हती. श्रीमंत परततील, ग्रह फिरतील, टोपीवाला आला तसा जाईल. तोवर करायचे काय? वाट पाहायची आणि इंग्रजांना नावे ठेवायची.

अशा लोकांपुढे बापू गोखल्यांच्या फडणिसाचा मुलगा सांगू लागला की राज्य गेले ते फितुरीने किंवा दैवाने गेले नाही, आपल्या दोषांनी गेले. बाजीरावाच्या काळचा कारभार काय लायकीचा होता, हे त्याने झाकून न ठेवता लिहिले. विद्या म्हणजे अर्थ न कळता केलेली घोकंपट्टी, धर्म म्हणजे सोवळे आणि भोजन. जगात काय चालले आहे याची विचारपूस नाही, व्यापार नाही, यंत्र नाही. कोवळ्या मुलींची लग्ने, विधवांचे केशवपन, जातीजातींतला दुरावा. समुद्रापलीकडून मूठभर लोक येऊन एवढा देश घेतात, तेव्हा त्यांच्याजवळ काय होते आणि आपल्याजवळ काय नव्हते, हा हिशेब त्याने मांडला. सगळ्यांत कठोर शब्द त्याने राखून ठेवले ते स्वतःच्या ब्राह्मण जातीसाठी, कारण विद्येची किल्ली तिच्या हाती होती आणि ती गंजली होती.

हे वाचून कोणाला वाटेल की इंग्रजांची भाटगिरी चालली होती. पण त्याच पत्रांत देशी कापड वापरा, परदेशी माल घेऊ नका, असाही आग्रह आहे. आपले लोक शहाणे झाले, एकत्र आले, तर एक दिवस इंग्रजांजवळ पार्लमेंट मागतील आणि पुढे हे राज्य आपले आपल्याला परत मिळेल, असेही त्याने १८४८ मध्येच लिहून ठेवले. म्हणजे राज्य गेले हे कबूल करणारा माणूसच ते परत येण्याचा रस्ता शोधत होता. गेलेच नाही अशा थाटात जे बसले होते, त्यांनी तसा शोध घेतल्याचे दिसत नाही.

भाषेच्या संदर्भात तर एक प्रसंग आपण सीमाभागातल्यांनी मुद्दाम वाचावा असा आहे. पेशव्यांच्या काळी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी तो खर्च पुढे चालू ठेवला आणि १८२१ मध्ये त्याच पैशातून पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये पुण्यातल्या काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की यातली काही रक्कम चांगली मराठी पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावी. या खटपटीत गोपाळराव पुढे होते. शहरात वादळ उठले. ब्राह्मणांच्या ताटातला घास काढून घेतला, असा ओरडा झाला. पण या तरुणांनी ओळखले होते ते साधे होते. मराठीत अभंग होते, ओव्या होत्या, बखरी होत्या, पोवाडे होते. पण भूगोल, रसायन, कायदा, अर्थशास्त्र यांवर विद्यार्थ्याच्या हाती द्यावे असे पुस्तक शोधूनही मिळणे कठीण होते. आपली भाषा संपन्न आहे असे म्हणत राहणे सोपे होते. या माणसाने काय केले, तर त्याच सुमारास 'लक्ष्मीज्ञान' हे अर्थशास्त्रावरचे पुस्तक मराठीत स्वतः लिहिले. पुढे दक्षिणेच्या पैशातून मराठी ग्रंथांना बक्षिसे सुरू झाली. पुण्यात १८४८ मध्ये ग्रंथालय उभे राहिले, त्यातही त्यांचा हात होता.

आता आमच्या घरची गोष्ट. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या होत्या. आता सगळी पहिली दोन बाकांवर मावते. पट का घसरला, असे बैठकीत निघाले की उत्तर तयार असते : सरकारची सक्ती. सक्ती खरी आहे. उतारा मराठीत मिळत नाही, नोटीस मराठीत येत नाही, फलकावरून मराठी पुसली जाते. या तक्रारी खोट्या नाहीत आणि त्या मांडणे आम्ही सोडणार नाही. पण रोज सकाळी आठ वाजता गावाच्या चौकात जी पिवळी बस येऊन थांबते, ती सरकारने पाठवलेली नसते. तिचे महिन्याचे भाडे आपण भरतो. त्या बसमध्ये आमचा स्वतःचा नातू बसतो. मुलाने आणि सुनेने ठरवले, आम्ही दोन दिवस अबोला धरला आणि मग गप्प बसलो. त्याच महिन्यात मराठी शाळा वाचवण्याचा ठराव बैठकीत आम्हीच वाचला. त्या दिवशी आमचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठाच लागला होता, असे एका जुन्या सहकाऱ्याने नंतर चहा पिताना सांगितले. अधिक काही बोलला नाही. घरी येऊन आम्ही शतपत्रे पुन्हा काढली ती त्या रात्री.

पुन्हा चरित्राकडे वळू. चरित्रनायकाच्या बाबतीतही झाकपाक करून चालणार नाही. १८५५ च्या सुमारास गोपाळराव इनाम कमिशनच्या कामावर होते. हे कमिशन जुन्या सनदा तपासून ज्यांचा हक्क सिद्ध होईना त्यांची इनामे खालसा करी. दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आपल्याच मुलखात, त्याने किती घरे दुखावली याच्या कथा जुन्या माणसांकडून आपण ऐकल्या आहेत. १८५७-५८ मध्ये इकडचे वातावरण तापले त्यात या कमिशनचा वाटा होता. पेशवाईतल्या फडणिसाच्या मुलाने इंग्रजांच्या बाजूने बसून वतनदारांचे कागद तपासावेत, हे वाचताना आमचा हात अडखळतो. इंग्रजी राज्य ही ईश्वरानेच आपल्याला शहाणे करण्यासाठी केलेली योजना आहे, ही त्यांची समजूतही तशीच. स्वकीयांचे दोष ज्याला स्वच्छ दिसले, त्याला परकीयांचा लोभ पुरता दिसला नाही. जन्मभर सरकारी चाकरी केल्याचा तो परिणाम असेल.

नेमक्या याच जागी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांना पकडले. १८७४ मध्ये निबंधमाला सुरू झाली आणि तिच्यातून शास्त्रीबुवांनी लोकहितवादींच्या विचारांचा आणि भाषेचाही कडक समाचार घेतला. रोज आपल्याच लोकांचे वाभाडे काढले तर त्यांच्या अंगात उभे राहण्याचे बळ उरेल कसे, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल आजही फेटाळून लावता येत नाही. सीमाभागात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शास्त्रीबुवांच्याच वळणाची भाषणे केली, कारण पडत्या माणसाला आधी धीर द्यावा लागतो. आमचे एवढेच म्हणणे की धीर देऊन झाल्यावर हिशेब मांडायची वेळ येते आणि ती आपण फार वर्षे टाळली. भाषेपुरते बोलायचे तर शास्त्रीबुवांची वाक्ये डौलदार आहेत आणि लोकहितवादींची ओबडधोबड, ओट्यावर बसून बोलावीत तशी. आमच्या गावातल्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची झाली तर आम्ही दुसरी निवडू.

न्यायखात्यातल्या नोकरीने त्यांना वाई, अहमदाबाद, नाशिक असे फिरवले. अहमदाबादचे दिवस आपल्याला विशेष जवळचे वाटावेत. तिथे या मराठी माणसाने गुजराती आत्मसात केली, त्या भाषेत लिहिले, तिथल्या लोकांसाठी संस्था काढण्यात पुढाकार घेतला. त्याने त्यांची मराठी आटली नाही. निवृत्तीनंतर १८८२ मध्ये त्यांनी 'लोकहितवादी' नावाचेच मासिक मराठीत काढले. जातिभेदावर, पानिपतावर, ग्रामरचनेवर पुस्तके लिहिली. शेजारची भाषा शिकली म्हणजे आपली हरली, असे त्यांना वाटले नाही. आपल्याकडे मात्र कन्नडच्या तासाला मूल मागे पडले तर आपण ते निष्ठेच्या खात्यावर मांडतो आणि वीस वर्षांनी तोच मुलगा नोकरीच्या अर्जाचा कागद घेऊन दुसऱ्याकडून वाचून घ्यायला जातो. हे लिहिल्याबद्दल समितीत आम्हाला बोल लागेल, याची कल्पना आहे.

१८७९ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले, १८८४ मध्ये काही काळ माळव्यातल्या रतलाम संस्थानाचे दिवाण झाले. ९ ऑक्टोबर १८९२ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. शतपत्रे लिहून तोवर बेचाळीस वर्षे झाली होती. त्यांनी ज्यावर बोट ठेवले होते त्यातले पुष्कळसे त्यांच्या डोळ्यांदेखत तसेच होते. काही थोडे हलले होते.

गेल्या बैठकीत आम्ही एक सूचना मांडली. यंदा २७ तारखेच्या आधीच्या रविवारी मंडपाचे काम बाजूला ठेवून समितीच्या सभासदांनी वही घेऊन घरोघर जावे. घरात शाळेत जाणारी मुले किती, कोणत्या माध्यमात, मराठी शाळा सोडली असेल तर का, हे उत्तर येईल तसे लिहून घ्यावे; मध्ये भाषण करू नये. सुरुवात सभासदांच्या स्वतःच्या घरांपासून व्हावी, हीही सूचना होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वही आमच्याकडे सरकवली गेली. पहिल्या पानावर पहिले नाव आमच्या नातवाचे आहे. इयत्ता दुसरी, माध्यम इंग्रजी. कारणाचा रकाना मुलाला विचारून भरायचा आहे. तो शनिवारी घरी असतो.