डोरोथिया लँग : छायाचित्र आणि त्याखालची ओळ

चरित्रात्मक लेखनाच्या या भागात आता तुम्ही एका अमेरिकन छायाचित्रकाराचे चरित्र वाचणार आहात. भाषेच्या अभ्यासक्रमात छायाचित्रकाराचे काय काम, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. डोरोथिया लँग यांनी खेडी, शेते आणि शेतमजूर यांची जी छायाचित्रे घेतली, त्यांच्याखाली त्या काही शब्दही लिहीत असत. त्या शब्दांकडे लक्ष ठेवून हे चरित्र वाचावे, एवढीच सुरुवातीला सूचना.

लँग यांचा जन्म २६ मे १८९५ रोजी न्यू जर्सी राज्यातील होबोकन या गावी, जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा अधू राहिला. त्या बारा वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले. पुढे त्यांनी वडिलांचे नुट्झहॉर्न हे आडनाव टाकून दिले आणि आईचे माहेरचे लँग हे नाव लावले. आईला न्यूयॉर्कमध्ये ग्रंथालयात नोकरी मिळाली. शाळा सुटल्यावर बाउरीच्या दारूड्या, भणंग वस्तीतून ही लंगडणारी मुलगी एकटी चालत जाई. कोणाचे लक्ष आपल्याकडे जाणार नाही असा चेहरा करून गर्दीतून जाण्याची विद्या ती तिथेच शिकली. छायाचित्रकाराला याहून उपयुक्त शिक्षण कोणत्या महाविद्यालयात मिळाले असते, हे सांगणे कठीण आहे.

रीतसर शिक्षणही झाले. आर्नल्ड गेंथे यांच्या स्टुडिओत त्यांनी उमेदवारी केली आणि कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे धडे घेतले. १९१८ मध्ये एका मैत्रिणीसह त्या जगप्रवासाला निघाल्या. सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचताच पैसे चोरीला गेले आणि जगप्रवास तिथेच संपला. त्यांनी छायाचित्रे धुऊन देणाऱ्या दुकानात काम धरले आणि पुढच्याच वर्षी स्वतःचा स्टुडिओ काढला. शहरातील श्रीमंत कुटुंबे त्यांची गिऱ्हाइके होती. १९२० मध्ये चित्रकार मेनार्ड डिक्सन यांच्याशी विवाह झाला, दोन मुलगे झाले. हे दशक आपण वेगाने ओलांडू, कारण या काळात त्यांनी जे काढले ते त्यांच्यासारखी तयारी असलेल्या दुसऱ्या कोणीही काढले असते.

बदल झाला तो १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर. १९३३ मध्ये स्टुडिओच्या परिसरात बेकारांसाठी अन्न वाटले जात होते. लँग कॅमेरा घेऊन खाली उतरल्या. गर्दीकडे पाठ करून, टोपी डोळ्यांवर ओढून, लाकडी कठड्यावर दोन्ही हात टेकून उभा असलेला एक म्हातारा त्यांनी टिपला. त्याच्या दोन हातांच्या मध्ये एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. स्टुडिओत ज्यांची चित्रे काढायची ते पैसे देऊन समोर बसत असत. या माणसाने काहीच मागितले नव्हते. हा फरक लक्षात ठेवा, कारण त्यातून निर्माण होणारा प्रश्न पुढे लँग यांना आयुष्यभर सोडणार नव्हता.

ही छायाचित्रे १९३४ मध्ये पॉल टेलर यांच्या पाहण्यात आली. टेलर हे बर्कली येथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि शेतमजुरांच्या स्थलांतराचा अभ्यास करीत होते. त्यांनी लँग यांना आपल्या पाहणीत सामील करून घेतले. संबंधित सरकारी कचेरीत छायाचित्रकाराचे पद नसल्यामुळे कागदोपत्री त्यांची नेमणूक टंकलेखिका म्हणून झाली! त्यांच्या अहवालांमुळे स्थलांतरित मजुरांसाठी सरकारी वसाहती उभ्या राहण्यास मदत झाली. १९३५ च्या अखेरीस दोघांनी आपापले पूर्वीचे विवाह संपवून एकमेकांशी विवाह केला. याच काळात लँग यांनी मुलांना दीर्घकाळ इतर कुटुंबांकडे ठेवले. इतरांच्या लेकरांची उपासमार जगाला दाखवणाऱ्या आईने आपली मुले परक्या घरी ठेवली, ही गोष्ट चरित्रकाराने झाकून ठेवू नये. मात्र पुरुष कलावंताच्या चरित्रात हीच गोष्ट एका वाक्यात उरकली जाते, हेही विसरू नये.

टेलर यांच्या सहवासात लँग यांनी एक सवय लावून घेतली. त्या आधी माणसांशी बोलत. कुठून आलात, किती एकर होते, कापसाच्या वेचणीला काय मिळते, असे विचारीत. मग परत मोटारीत येऊन, ऐकलेले शब्द विरून जाण्यापूर्वी, ते जसेच्या तसे वहीत उतरवून घेत. व्याकरण सुधारायचे नाही, बोली प्रमाण करायची नाही. बोलीभाषांचा क्षेत्रीय अभ्यास करणारा संशोधक नेमके हेच करतो. माझ्या विषयाच्या अभिमानाने हे लिहीत आहे असे कोणाला वाटल्यास माझी हरकत नाही.

१९३५ पासून लँग संघराज्य सरकारच्या पुनर्वसन विभागासाठी काम करू लागल्या. १९३७ मध्ये हाच विभाग ‘फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ झाला. रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली अनेक छायाचित्रकार देशभरच्या खेड्यांत, बाजारगावांत, शेतांवर फिरत होते. आज हा संग्रह वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात असून त्यात सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. सरकारी मदतीच्या योजनांना लोकांचा पाठिंबा मिळवणे हा त्यामागचा उघड हेतू होता.

त्या वर्षांत मध्य अमेरिकेच्या सपाट प्रदेशात दुष्काळ पडला होता. नांगरून मोकळी पडलेली माती वाऱ्याबरोबर उडत होती. पण शेतकरी केवळ धुळीमुळे परागंदा झाले असे समजू नका. ट्रॅक्टर आला आणि जमीनमालकांना कुळांची गरज उरली नाही. १९३८ मध्ये लँग यांनी टेक्सासमधील चिल्ड्रेस परगण्यात एक छायाचित्र घेतले. त्यात माणूस नाही. ट्रॅक्टरने ओढलेल्या तासांच्या लांबच लांब रेघा आहेत आणि त्या सरळ एका ओसाड घराच्या भिंतीपर्यंत गेल्या आहेत. अंगणसुद्धा नांगरले गेले आहे. कुळाला कसे काढले जाते, हे यापेक्षा कमी साधनांत सांगता येणार नाही.

हे लोक कॅलिफोर्नियात पोहोचले तेव्हा त्यांना ‘ओकी’ म्हणू लागले. मुळात हा ओक्लाहोमा या राज्याच्या नावावरून झालेला शब्द, पण माणूस टेक्सासचा असो वा आर्कान्सासचा, तो ओकीच ठरे. ग्रामनाम किंवा प्रांतनाम शिवीत कसे बदलते, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. मराठीत आपण ‘स्थलांतरित’ आणि ‘विस्थापित’ असा भेद करतो. पहिल्या शब्दात जाणाऱ्याची क्रिया आहे, दुसऱ्यात कोणीतरी हलवल्याची. लँग यांच्या वहीतील माणसे दुसऱ्या शब्दात बसतात, सरकारी कागद मात्र त्यांना पहिल्यात बसवत होते.

आता त्या प्रसिद्ध छायाचित्राकडे वळू. मार्च १९३६. महिनाभराचा दौरा संपवून, दमलेल्या लँग पावसातून एकट्या घराकडे निघाल्या होत्या. वाटेत निपोमो गावाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. त्या थांबल्या नाहीत. सुमारे वीस मैल पुढे गेल्यावर त्यांनी मोटार वळवली आणि परत आल्या. थंडीने पीक गेले होते आणि मजूर अडकून पडले होते. एका फाटक्या तंबूत बसलेली बत्तीस वर्षांची स्त्री आणि तिची मुले यांची मोजकीच छायाचित्रे त्यांनी घेतली. शेवटच्या चित्रात दोन मुलांनी आईच्या खांद्यांत तोंड लपवले आहे, मांडीवर तान्हे बाळ आहे, आणि तिचा हात गालापाशी आहे.

काही दिवसांतच सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात ही बातमी आली आणि वीस हजार पौंड धान्यसामग्री तळावर पाठवली गेली. तोपर्यंत ते कुटुंब पुढे निघून गेले होते. पुढे हे चित्र ‘स्थलांतरित माता’ या नावाने जगभर गेले.

लँग यांनी त्या दिवशी नाव विचारले नाही. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीप्रमाणे सविस्तर टिपण घेतले नाही. चित्राखालच्या ओळीत वाटाणे तोडणारी कंगाल मजूर, सात मुलांची आई, वय बत्तीस, एवढेच आले. ती स्त्री फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे १९७८ मध्ये उजेडात आले. ती ओक्लाहोमात जन्मलेली, चेरोकी या मूलनिवासी समाजातील होती, आणि धुळीची वादळे सुरू होण्याच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियात आली होती. पोटासाठी मोटारीचे टायर विकले, असे लँग यांनी पुढे आठवणीतून लिहिले. कुटुंबाने ते साफ नाकारले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मोटार बिघडल्यामुळे ते तिथे थांबले होते. या चित्रातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही, ही थॉम्पसन यांची तक्रार होती. सरकारी काम असल्यामुळे लँग यांनाही त्यावर मानधन मिळत नव्हते, पण कीर्ती मिळाली, आणि कीर्तीची किंमत असते. १९८३ मध्ये थॉम्पसन आजारी पडल्या तेव्हा लोकांनी मदत म्हणून तीस हजार डॉलरपेक्षा अधिक रक्कम पाठवली. त्याच वर्षी त्या वारल्या.

येथे थोडे थांबून विचार करा. ज्या छायाचित्रकाराने शेकडो मजुरांचे शब्द जपून ठेवले, तिच्या सर्वांत गाजलेल्या चित्रात मजुराचा एकही शब्द नाही. माझ्या मते हे चित्र श्रेष्ठ आहे आणि त्याखालची ओळ सदोष आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

शब्दांवाचून चित्राचे काय होते, हे लँग यांनी दुसऱ्याच्या हातूनही अनुभवले. १९३६ मध्येच त्यांनी मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळ एक गोरा मळेवाला टिपला होता. मोटारीवर पाय टेकून तो ऐटीत उभा आहे आणि मागे दुकानाच्या पायऱ्यांवर कृष्णवर्णीय मजूर बसले आहेत. कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांच्या १९३८ च्या पुस्तकात हे चित्र छापले गेले तेव्हा मजूर कापून टाकले होते. उरलेला मळेवाला तिथे स्वतंत्र अमेरिकन माणसाचे प्रतीक म्हणून उभा राहिला.

लँग आणि टेलर यांचे ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ हे पुस्तक १९३९ मध्ये आले. त्यात मजुरांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत छायाचित्रांबरोबर छापले आहे. पुस्तक फारसे खपले नाही. स्टाइनबेक यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही याच विषयावरची कादंबरी त्याच वर्षी आली आणि युरोपात युद्ध पेटले होते.

१९४२ मध्ये सरकारने पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडले. या कारवाईची नोंद ठेवण्यासाठी सरकारनेच लँग यांना नेमले. त्यांनी छावण्यांच्या आधीचे जगही टिपले: आपल्या स्ट्रॉबेरीच्या शेतात अखेरचे काम करणारी कुटुंबे, गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली मुले. कारवाई शिस्तीत पार पडल्याचा पुरावा हवा असलेल्या अधिकाऱ्यांना ही चित्रे नको होती. युद्ध संपेपर्यंत ती दाबून ठेवण्यात आली आणि त्यांतील बरीचशी वाचकांपर्यंत पुस्तकरूपाने पोहोचली ती २००६ मध्ये.

त्यानंतरची अनेक वर्षे पोटाच्या विकारात गेली. तरीही १९५६-५७ मध्ये त्यांनी पर्कल जोन्स यांच्यासह कॅलिफोर्नियातील बेरीएसा खोऱ्याचे अखेरचे वर्ष टिपले. मॉन्टिसेलो धरणाच्या पाण्याखाली हे खोरे जाणार होते. झाडे तोडली गेली, गुरे विकली गेली, कबरी उकरून दुसरीकडे नेल्या गेल्या. कोयना किंवा उजनीच्या पाण्याखाली ज्यांच्या घराण्याचे गाव गेले आहे, अशा विद्यार्थ्यांनी ही चित्रे मिळवून जरूर पाहावीत. त्यांना कोणत्याही ओळीची गरज भासणार नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या समग्र कामाचे प्रदर्शन ठरवले. या संग्रहालयात असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री छायाचित्रकार. कर्करोग झालेला असताना त्यांनी चित्रांची निवड आणि मांडणी केली. ११ ऑक्टोबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले आणि जानेवारी १९६६ मध्ये प्रदर्शन उघडले. ग्रामीण स्त्रियांवरील एक छोटे पुस्तक त्यांनी तयार करून ठेवले होते, ते १९६७ मध्ये निघाले. त्यात एका बाजूला स्त्रीचे छायाचित्र आहे आणि समोरच्या पानावर तिच्या घरादाराचे, तिच्या परिसराचे.