न दिसलेली फट

सांतियागो रामोन ई काहाल यांना चित्रकार व्हायचे होते. १८५२ मध्ये स्पेनमधल्या एका खेड्यात जन्मलेल्या या मुलाचे वडील शल्यवैद्य. चित्रे काढणे म्हणजे वेळ दवडणे, असे त्यांचे ठाम मत. मुलगाही काही कमी नव्हता. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचे फाटक उडवून तो अकराव्या वर्षीच तुरुंगाची हवा खाऊन आला! मग न्हाव्याकडे, चांभाराकडे उमेदवारी झाली. शेवटी वडिलांनी त्याला कबरस्तानात नेऊन हाडे दाखवली. तिथे तो रमला. हाडांची चित्रे काढता येत होती ना.

डॉक्टर झालेल्या काहाल यांनी १८८७ मध्ये माद्रिदला एक काचपट्टी पाहिली. इटलीच्या कामिलो गॉल्जी यांच्या पद्धतीत चांदीच्या क्षाराने मेंदूतल्या मोजक्याच पेशी काळ्या होतात, त्यामुळे त्या शाखांसकट स्पष्ट दिसतात. गॉल्जींच्या मते या पेशींचे तंतू एकमेकांत मिसळून अखंड जाळे बनते.

काहाल यांनी प्रौढ मेंदूचे घनदाट जंगल टाळून भ्रूण आणि पिल्ले निवडली. त्यांच्या तंतूंवर मायलिनचे वेष्टण पुरते चढलेले नसते, त्यामुळे रंग नीट बसतो. पक्ष्यांच्या अनुमस्तिष्कात त्यांना दिसले, की तंतू दुसऱ्या पेशीला खेटून थांबतात, मिसळत नाहीत. हे त्यांनी १८८८ मध्ये पदरमोड करून काढलेल्या स्वतःच्या नियतकालिकात छापले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले आणि गॉल्जींनी नोबेल व्याख्यानातच काहाल यांचा सिद्धान्त खोडून काढायचा प्रयत्न केला.

गॉल्जींना अगदीच हट्टी म्हणता येणार नाही. दोन पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटरची. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरखालचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. काहाल १९३४ मध्ये गेले. फट दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतील एड बॉयडन यांच्या गटाने वेगळीच शक्कल लढवली. भिंगाची ताकद वाढवण्याऐवजी त्यांनी मेंदूचा कापच फुगवला. बाळाच्या डायपरमध्ये पाणी शोषणारा पदार्थ असतो, त्याच जातीची जेल कापात तयार करून पाणी घातले, की तो प्रत्येक दिशेला सुमारे साडेचार पट वाढतो. उंदराच्या मेंदूत असे केल्यावर, फटीच्या अल्याड-पल्याडच्या पेशींमधली प्रथिने प्रकाशाच्याच सूक्ष्मदर्शकाखाली वेगवेगळी दिसली.