पिकांचे वैद्य : सर एडविन जॉन बटलर

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे आता शहरांत स्थिरावली असली, तरी मूळ गावचे शेत ज्यांना अगदीच परके झाले आहे अशी घरे थोडीच असतील. तुरीचे पीक ऐन फुलोऱ्यात असावे, जमिनीत ओल असावी, आणि तरीही एखादे झाड पाण्यावाचून सुकावे तसे मान टाकून उभ्या उभ्या वाळावे, हा देखावा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. पुढच्या हंगामात तूर घेतली की त्याच जागी तेच, आणि अधिक विस्ताराने. या 'मर' रोगाचे खरे कारण ज्या पुरुषाने शोधून काढले, त्याचे नाव शेतकी महाविद्यालयांच्या बाहेर क्वचितच ऐकू येते. म्हणून त्याचे चरित्र येथे थोडक्यात सादर करीत आहे.

एडविन जॉन बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील किल्की या गावी झाला. त्यापूर्वी तीसेक वर्षे, १८४५ पासून, त्याच देशात बटाट्याच्या करपा रोगाने एकामागून एक पिके नासली आणि सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व साथीने मृत्यू पावली. पिकाचा रोग म्हणजे माणसाचे मरण, हे त्या भूमीत कोणास समजावून सांगावे लागत नव्हते. बटलर मात्र शिकले ते माणसांचे वैद्यक. कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून १८९८ साली ते डॉक्टर झाले. पण तेथेच प्राध्यापक हार्टॉग यांच्या सहवासात पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म बुरशींचा त्यांना छंद जडला, आणि तोच पुढे जीवितकार्य ठरला. पॅरिस, फ्रायबुर्ग, क्यू अशा ठिकाणी अभ्यास करून १९०१ साली ते हिंदुस्थान सरकारच्या सेवेत कलकत्त्यास रुजू झाले. त्यानंतर काही काळ डेहराडून, आणि १९०५ पासून बिहारमधील पुसा.

पुसा येथील संस्था तेव्हा नुकतीच जन्मास येत होती. अमेरिकन दाते हेन्री फिप्स यांच्या देणगीतून आणि लॉर्ड कर्झन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. सरकारचे कवकशास्त्रज्ञ म्हणून बटलर तेथे आले, तेव्हा आपल्या देशातील पिकांना कोणकोणते रोग होतात याची साधी यादीही हाताशी नव्हती. नावच ठाऊक नसेल तर उपाय कशावर करावयाचा? त्यांनी ठिकठिकाणच्या रोगट पाना-खोडांचे नमुने वाळवून, नोंदी लिहून जमविण्यास आरंभ केला. त्या संग्रहाचे थोर मोल पुढे कळून आले.

तुरीच्या रोगाची त्यांनी केलेली तपासणी मुद्दाम विस्ताराने सांगण्यासारखी आहे. त्या काळी अमेरिकेतील एर्विन स्मिथ यांच्या संशोधनामुळे असा समज रूढ होता की, मर रोगाच्या झाडांवर आढळणारी निओकॉस्मोस्पोरा नावाची बुरशी आणि रोग घडविणारी बुरशी या एकाच जिवाच्या दोन अवस्था होत. स्मिथ यांचा अधिकार मोठा होता. बटलर यांनी मान डोलविली नाही. दोन्ही बुरशी वेगवेगळ्या वाढवून त्यांनी निरोगी रोपांवर प्रयोग केले. १९१० साली त्यांनी दाखवून दिले की निओकॉस्मोस्पोरा ही मेलेल्या भागावर उपजीविका करणारी, निरपराध आहे. खरा गुन्हेगार फ्युझेरियम वर्गातील दुसरीच बुरशी आहे. ती जमिनीतून मुळांत शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत ठाण मांडते, आणि म्हणून ओल असूनही झाड तहानेने मरते. साल खरवडली की आत काळसर रेषा दिसते, तीच तिची खूण. कापणीनंतर जमिनीत राहिलेल्या धसकटांत व मुळांत ती वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे पानांवर औषध मारून उपयोग नाही. पिकांची फेरपालट करावी आणि रोगाला दाद न देणारे वाण निवडावे, हाच मार्ग. आपले वाडवडील तुरीत ज्वारीचे मिश्रपीक घेत, ते कशासाठी हे त्यांनी लिहून ठेवले नाही. परंतु अशा मिश्रपिकात मर कमी पडते, असे हैदराबादजवळील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रयोगांत अलीकडे दिसून आले आहे.

उसाच्या लाल कुजीविषयीचा त्यांचा सल्ला तर कोणाही शेतकऱ्यास आचरता यावा असा होता. रोग मुख्यतः बेण्यातूनच पसरतो; तेव्हा लावणीपूर्वी टिपरीचे कापलेले टोक पाहावे, आणि आत लाली दिसताच ती टाकून द्यावी. यास ना यंत्र लागे, ना पैसा. गोदावरीच्या मुखाकडील प्रदेशात ताडांचे शेंडे कुजून झाडे मरत होती, तेथे काम याहून अवघड होते. शेंड्यातील कोवळे पान पांढुरके पडेपर्यंत रोग आतल्या आवरणांत खोल गेलेला असे. रोगी झाडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोहीम निघाली, व पुढे मॅकरे यांच्या देखरेखीखाली ती दीर्घकाळ चालली. ताडाचा शेंडा तोडणे म्हणजे झाडच संपविणे; ज्याच्या चुलीचा आधार तेच झाड, त्याला हे पटविणे किती जड गेले असेल, हे आपण समजू शकतो.

महाराष्ट्राशीही त्यांचा प्रत्यक्ष संबंध आला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातील जी. एस. कुलकर्णी यांच्यासमवेत त्यांनी अळूवरील करप्याचा अभ्यास १९१३ साली प्रसिद्ध केला. कुलकर्णी यांनी पुढे आपल्या ज्वारीवरील काणी रोगाविषयीही लेखन केले. त्या काळच्या साहेबी खात्यात एतद्देशीय सहकाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापणे, ही गोष्ट आम्हांस लहान वाटत नाही.

१९१८ साली बटलर यांचा वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांवरील पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथ कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. आपल्याच शेतांतील पिकांची उदाहरणे त्यात असल्यामुळे तो विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांचा आधार झाला. १९२० साली हिंदुस्थान सोडून ते क्यू येथील नव्या कवकशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९२२ पासून तेथून निघू लागलेल्या नियतकालिकामुळे एका देशात दिसलेला रोग दुसऱ्या देशाच्या शास्त्रज्ञांस लवकर कळू लागला. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सभासदत्व आणि १९३९ साली 'सर' हा किताब त्यांस मिळाला.

१९३४ च्या भूकंपात पुसा येथील इमारतींची मोठी हानी झाली, आणि संस्था दिल्लीस हलविण्यात आली. बटलर यांचा नमुन्यांचा संग्रहही तिच्याबरोबर दिल्लीस गेला, आणि आजही तेथील शास्त्रज्ञ नवा नमुना जुन्याशी ताडून पाहतात.

एप्रिल १९४३ मध्ये बटलर इंग्लंडात निवर्तले. आदल्या वर्षी बंगालमध्ये भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर पडला होता. १९४३ च्या भीषण दुष्काळास युद्ध, महागाई आणि सरकारी धोरण ही कारणे होतीच. पण त्या रोगाचा वाटाही त्यात होता, असे पद्मनाभन या भारतीय शास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले. बटलर यांचा शेवटचा, अपुरा राहिलेला ग्रंथ जोन्स यांनी पूर्ण केला व तो १९४९ साली प्रसिद्ध झाला.